शुक्रवारी लावलेलं मशीन लोडिंग शनिवारी दुपारीच मोडतं: चूक कुठे शोधायची

भोसरी एमआयडीसीत साप्ताहिक सुट्टी गुरुवारी, म्हणून आमचा आठवडा शुक्रवारी सुरू होतो. सकाळी साडेआठला फळ्यावर लोडिंग लागतं: कुठल्या व्हीएमसीवर (प्रोग्रॅमवर चालणाऱ्या मिलिंग मशीनवर) कुठला जॉब, किती पीस, कधी उतरणार, त्याच्यामागे काय चढणार. शनिवारी जेवणाच्या सुट्टीपर्यंत निम्म्या ओळींवर काट मारलेली असते. सोमवारपासून फळ्याकडे कुणी बघत नाही. ज्या पार्टीचा फोन जास्त वेळा येतो तिचा जॉब चढतो, अर्धं झालेलं सेटिंग (जॉबसाठी मशीनवर केलेली मांडणी) खाली उतरतं, आणि बुधवारी रात्री टेम्पोवाला गेटवर ताटकळलेला असताना क्यूसीवाला, म्हणजे माल तपासणारा, शेवटचे पीस मोजत असतो.

मी मशीनिंगच्या जॉबशॉपमध्ये, म्हणजे बाहेरच्या पार्ट्यांच्या ऑर्डरीप्रमाणे धातूचे भाग कापून देणाऱ्या कारखान्यात, प्लॅनिंग बघतो. टर्निंग, मिलिंग, ड्रिलिंग-टॅपिंग, थोडं ग्राइंडिंग. लॉट वीस पिसांपासून तीनशे-चारशेपर्यंत. हा त्रास एकाहून जास्त कारखान्यांत बघितला आहे, आणि प्रत्येक ठिकाणी मीटिंगमध्ये एकच उत्तर ऐकलं: "या आठवड्यात वेगळंच काहीतरी झालं." एकदा इन्सर्ट (टूलची बदलायची पाती) संपले, एकदा कास्टिंग (ओतीव माल) कडक निघालं, एकदा मशीनवर जॉब लावणाऱ्या सेटरच्या घरी लग्न. कारण दर आठवड्याला वेगळं आणि परिणाम दर आठवड्याला तोच असेल, तर दोष त्या आठवड्याच्या घटनेत नसतो. तो फळ्यावर लिहिलेल्या आकड्यात असतो. म्हणून शोध तिथून सुरू करायचा.

आधी प्लॅनमधला तासांचा आकडा तपासा

एक नेहमी येणारा पार्ट घ्या. त्याच्या एका लॉटला (एका वेळी लावलेल्या पिसांना) प्लॅनमध्ये किती तास धरता ते लिहा. मग मागच्या दहा लॉटांना खरोखर किती तास लागले ते प्रॉडक्शन शीटवरून काढा. आधीचा जॉब उतरल्यापासून या लॉटचा शेवटचा चांगला पीस उतरेपर्यंतचा पूर्ण वेळ धरा. फक्त स्पिंडल फिरला, म्हणजे प्रत्यक्ष कटिंग झालं, तेवढा वेळ धरू नका.

हिशेब कळावा म्हणून गोल आकडे घेतो. समजा दहा लॉटांचे तास चढत्या क्रमाने असे आले: ५, ५, ५.५, ५.५, ६, ६, ६.५, ७, ९ आणि १४.५.

सुपरवायझरला विचारलं तर तो सहा तास म्हणेल. तो खोटं बोलत नाही, मधला आकडा सहाच आहे आणि निम्म्याहून जास्त वेळा काम सहा तासांत झालेलं आहे. पण बेरीज करा: ७० तास. सरासरी सात. म्हणजे "सहसा लागणारा वेळ" आणि "सरासरी वेळ" हे दोन वेगळे आकडे आहेत, आणि फळ्यावर आपण पहिला लिहितो. प्रत्येक लॉटमागे एक तास आपण कुणाच्या लक्षात न येता उधार घेतो.

तो उधारीचा तास कुठे जाऊन पडतो बघा. दोन पाळ्या, सहा दिवस, म्हणजे बारा पाळ्या. जेवण, चहा, साफसफाई वजा करून पाळीला सात तास धरले तर मशीनकडे आठवड्याला ८४ तास आहेत. सहा तासांच्या हिशेबाने प्लॅनर १४ लॉट लावतो. ८४ भागिले ६ बरोबर १४, फळा भरलेला, मालक खूश. पण सरासरीने त्या १४ लॉटांना ९८ तास लागतात. चौदा तास कमी पडतात, म्हणजे पूर्ण दोन पाळ्या. बुधवारची रात्रपाळी आणि गुरुवारची गेलेली सुट्टी तिथून येते. कुणी आळस केलेला नसतो, मशीन बंद पडलेलं नसतं, आणि तरी माणसांना घरी जाता येत नाही. मला या प्रश्नाची एवढी आच का आहे, ते इथे आहे.

सरासरी वरच का सरकते, कधी खाली का नाही? कारण वेळेला खाली मजला आहे, वर छत नाही. प्रोग्रॅमचा सायकल टाइम ४ मिनिटं २० सेकंद असेल तर सर्वांत चांगल्या दिवशीही त्याच्या खाली जाता येत नाही. पण पीस पकडणाऱ्या फिक्स्चरचा क्लॅम्प तुटला, फर्स्ट पीसमध्ये बोअर (भोक) मोठा आला, की वर कितीही जाता येतं. अशा एकतर्फी पसाऱ्यात सरासरी नेहमीच्या आकड्यापेक्षा जास्तच येते.

मग वेळ कुठे वाढतो ते वेगळं करा

मालकांचा एक प्रश्न रास्त असतो: सीएनसी मशीन आहे, प्रोग्रॅम तोच, फीड (टूल सरकण्याचा वेग) तोच, मग वेळ अनिश्चित कशी? उत्तर असं की कटिंगचा वेळ जवळजवळ निश्चितच आहे. अनिश्चितता त्याच्या आजूबाजूला आहे. लॉटची वेळ चार तुकड्यांत लिहायला लागलो तेव्हा मला हे पहिल्यांदा स्वच्छ दिसलं: सेटिंग, फर्स्ट पीस पास होईपर्यंतची वाट, प्रत्यक्ष कटिंग, आणि मधले थांबे.

बहुतेक जॉबशॉपमध्ये सर्वांत जास्त चढउतार दुसऱ्या तुकड्यात सापडते. सेटरने पीस काढला, क्यूसीच्या टेबलावर ठेवला, क्यूसीवाला दुसऱ्या लॉटच्या फायनल इन्स्पेक्शनमध्ये अडकलाय, तोवर मशीन उभं. कधी वीस मिनिटं, कधी अडीच तास. प्रॉडक्शन शीटवर हे "सेटिंग" म्हणूनच नोंदलं जातं आणि दोष सेटरच्या माथी बसतो. हे वेगळं लिहिलंत तर निम्मा इलाज सापडतो: फर्स्ट पीसला फायनल इन्स्पेक्शनच्या आधी नंबर द्यायचा. यात पैसा लागत नाही.

मधल्या थांब्यांत कास्टिंगचा वाटा मोठा. कोल्हापूरकडच्या फाउंड्र्यांमधून येणारा माल असो की जवळपासचा, पातळ भिंतीचा भाग साच्यात पटकन थंड झाला की तिथे लोखंडाचं कार्बाइड बनतं आणि हार्ड स्पॉट येतो. इन्सर्टची धार जाते, ऑपरेटर फीड कमी करतो, चार मिनिटांचा पीस सहा मिनिटांवर जातो. हे एका पिसाला होत नाही. त्याच हीटच्या, म्हणजे भट्टीच्या एकाच ओतणीच्या, सगळ्या पिसांना होतं. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे बफरच्या, म्हणजे राखीव मोकळ्या वेळेच्या, हिशेबात तो लागणार आहे.

आणि एक गोष्ट अनिश्चिततेच्या खात्यात टाकूच नका: ज्याची तारीख आधीपासून माहीत आहे ती. आषाढी वारीत माउलींची पालखी आळंदीहून दिघी, विश्रांतवाडीमार्गे पुण्यात येते आणि तुकोबांची देहूहून निगडी, आकुर्डी, दापोडीमार्गे. त्या दिवसांत रस्ते वळवलेले असतात, टेम्पो वेळेवर पोचत नाही. गणपतीत कोकणातली मुलं गावी जातात. दरवर्षी जातात. गेजचं कॅलिब्रेशन, स्टॉक टेकिंग, याही ठरलेल्याच गोष्टी. हे "अचानक" म्हणून नोंदलं गेलं की खऱ्या अनिश्चिततेचा आकडा फुगतो. या गोष्टींचे तास कॅलेंडरमधून आधीच वजा करायचे.

वरच्या दहा आकड्यांत १४.५ तासांचा लॉट आहे ना, त्याचा माग काढा. प्रत्येक पार्टला असा एखादा लॉट असतो आणि त्याचं कारण बहुधा एकच सापडतं. तो लॉट सात तासांत झाला असता तर सरासरी ७ वरून सव्वासहावर आली असती. पण मोठा फरक चढउतारीत पडतो: मानक विचलन २.७ तासांवरून १.१ तासांवर येतं. एक्सेलमध्ये मानक विचलन काढायला एक फॉर्म्युला लागतो, त्याला घाबरू नका. सरासरीभोवती आकडे किती पसरलेत त्याचं ते माप आहे.

जे उपाय सगळे करतात आणि ज्यांनी त्रास वाढतो

पहिला: प्रत्येक जॉबला थोडा जास्त वेळ धरणं. ऐकायला शहाणपणाचं वाटतं. वरच्या पार्टला सहाऐवजी नऊ तास धरले तर दहातले नऊ लॉट वेळेत बसतात, मग झालं की. पण दहा लॉटांना ९० तास होतात आणि हातात ८४ आहेत. म्हणजे जे काम आठवड्यात सहज मावतं ते कागदावर मावत नाही, आणि आपण ऑर्डर नाकारतो किंवा बाहेर जॉबवर्कला देतो. शिवाय नऊ तास मिळालेत म्हटल्यावर सहा तासांत कुणी उतरवत नाही. पहिला तास "आज निवांत आहे" यात जातो, आणि शेवटी अडचण आलीच तर नऊचे अकरा होतात. लवकर संपलेल्याचा फायदा पुढच्या जॉबला मिळत नाही, उशिराचा फटका मात्र पूर्ण पोचतो.

दुसरा: मशीन रिकामं दिसता कामा नये. हा हट्ट सर्वांत महाग पडतो. जॉन किंगमन या गणितज्ञाने १९६१ मध्ये मशीनसमोरच्या रांगेचा एक साधा अंदाज दिला. मशीन किती टक्के भरलेलं आहे तो आकडा, भागिले उरलेली मोकळीक. त्याला चढउतारीने आणि एका कामाच्या सरासरी वेळेने गुणायचं. मशीन ८० टक्के भरलं असेल तर पहिला गुणक ४ येतो. ९० टक्क्यांना ९. ९५ टक्क्यांना १९. काम ८० वरून ९५ वर नेलं म्हणजे जेमतेम एकोणीस टक्के काम वाढलं, पण जॉबची रांगेतली वाट जवळजवळ पाचपट झाली. त्या सूत्रात चढउतार वर्गाने येते, म्हणून मशीनच्या वेळेतली चढउतार निम्मी केली तर तिचा वाटा चौथाईवर येतो. नवं मशीन घेण्याआधी फर्स्ट पीसची वाट कमी करा असं मी म्हणतो ते यामुळे.

तिसरा: रोज सकाळी सगळं शेड्यूल नव्याने लावणं. आता सॉफ्टवेअर एका बटणावर हे करून देतं. पण सेटरने जॉज बोअर करून ठेवलेत, टूल लावलेत, ऑफसेट घेतलेत, आणि दहा वाजता निरोप येतो की तो जॉब नको, दुसरा चढवा. त्या एका निरोपात दीड-दोन तास जातात आणि सेटरचं मन उडतं ते वेगळंच. तिसऱ्या वेळी तो आगाऊ तयारी करणंच सोडतो.

मोकळा वेळ कुठे ठेवायचा

सरासरी प्रामाणिकपणे धरा, सात तर सात, आणि मोकळा वेळ प्रत्येक जॉबमध्ये न वाटता एका जागी ठेवा. वरच्या उदाहरणात दहा लॉट म्हणजे ७० तास. हातात ८४. उरलेले १४ तास आठवड्याच्या शेवटी, मंगळवार रात्र आणि बुधवार दुपार असे, फळ्यावर "मोकळे" म्हणून उघड लिहा.

एवढे पुरतील का? प्रत्येक लॉटची चढउतार २.७ तास आहे. दहा लॉटांची चढउतार मात्र २७ तास होत नाही. काही लॉट लवकर उतरतात, काही उशिरा, एकमेकांना सांभाळतात. एकत्र चढउतार दहाच्या वर्गमुळाने वाढते: साधारण ३.१६ पट, म्हणजे पावणेनऊ तासांच्या आत. १४ तास बहुतेक आठवड्यांना पुरतात. हाच मोकळा वेळ सुटा सुटा वाटला तर ९० तासांतही समाधान होत नाही, एकत्र ठेवला तर ८४ मध्ये भागतं.

इथे हार्ड स्पॉटची गोष्ट परत आणतो. वर्गमुळाचा हिशेब तेव्हाच खरा, जेव्हा लॉट एकमेकांपासून स्वतंत्र असतात. एकाच हीटचं कास्टिंग चार लॉटांत गेलं असेल तर चारही एकत्र लांबतात, कुणी कुणाला सांभाळत नाही. अशा वेळी दोन गोष्टी करतो. नवीन हीटचे दोन-तीन पीस आधी मारून बघतो, आणि त्या हीटचे सगळे लॉट एका मशीनवर, एकाच आठवड्यात ठेवत नाही.

मोकळा वेळ सगळ्या मशीनांवर सारखा ठेवायची गरज नाही. ज्या मशीनवरून सगळ्यांना जावं लागतं, जसं फोर्थ ॲक्सिसचं (पीस फिरवून कापणारं) एकुलतं एक व्हीएमसी, त्याच्यापुढे तयार मालाचा साठा ठेवा: सेटिंगसह पुढचे दोन जॉब, माल मोजून, ड्रॉइंग आणि टूल हाताशी. मागचं टर्निंग तीन तास उशिरा आलं तरी ते मशीन उभं राहत नाही. बाकीची मशीनं अधूनमधून रिकामी दिसली तर दिसू द्या.

आणि फ्रीझ. पुढच्या तीन पाळ्यांचा क्रम बदलायचा नाही, कुणाचाही फोन आला तरी. त्यापुढचा क्रम हवा तसा बदला. तीनच का? आमच्याकडे सेटरची तयारी साधारण तेवढी पुढे असते. तुमच्याकडे एका पाळीची असेल तर एक पाळी फ्रीझ करा. मालकाला हे पटवायला मला वेळ लागला. शेवटी पटलं ते एका महिन्यात मध्येच उतरवलेल्या सेटिंगचे तास मोजून दाखवल्यावर.

क्रम कसा लावायचा

वेळ अनिश्चित असली तरी क्रम लावण्याचे काही नियम टिकतात, आणि हे लोकांना माहीत नसतं म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

तीन जॉब आहेत, २, ६ आणि १२ तासांचे. मोठा आधी घेतला तर ते १२, १८ आणि २० व्या तासाला उतरतात, सरासरी सोळा तास चाळीस मिनिटं. लहान आधी घेतला तर २, ८ आणि २०, सरासरी १० तास. काम तेवढंच, मशीन तेच. स्मिथ यांनी १९५६ मध्ये दाखवलं की जॉबचं महत्त्व भागिले त्याचा वेळ, हा आकडा ज्याचा मोठा तो आधी घेतला की एका मशीनवर महत्त्वानुसार मोजलेली एकूण वाट सर्वांत कमी होते. पुढे १९६६ मध्ये रॉथकॉफ यांनी दाखवलं की वेळ नक्की माहीत नसेल तर तिच्या जागी सरासरी वेळ घ्यायची, नियम तोच राहतो. आपल्याला प्रत्येक लॉटचा खरा वेळ आधी कळण्याची गरज नाही. सरासरी प्रामाणिक असली की पुरे.

तारखेचं बंधन असेल तर जॅक्सन यांचा १९५५ चा नियम: ज्याची तारीख आधी, तो आधी. माल सगळा हाताशी असेल आणि मशीन एक असेल तर या क्रमाने सर्वांत जास्त उशीर कमीत कमी राहतो. मला या नियमाची खरी किंमत उशिरा समजली. यात जॉबच्या वेळेचा आकडा येतच नाही. त्यामुळे सहाचे नऊ झाले काय नि चौदा झाले काय, क्रम चुकीचा ठरत नाही. अनिश्चित शॉपसाठी याहून आधार देणारं काही नाही.

मात्र मशीनवर काम जास्तच झालं असेल तर हाच नियम सगळ्यांना थोडा थोडा उशीर वाटतो. चार जॉब घ्या. पहिला ३ तासांचा, ४ थ्या तासाला हवा. दुसरा ६ तासांचा, ८ व्या तासाला हवा. तिसरा ३ तासांचा, १० व्याला. चौथा २ तासांचा, १२ व्याला. तारखेच्या क्रमाने गेलो तर पहिला वेळेत, बाकी तिन्ही एक-दोन तास उशिरा. मूर यांनी १९६८ मध्ये सांगितलेली पद्धत अशी: तारखेच्या क्रमाने चालत जा, जिथे उशीर होतो तिथे थांबा, आणि तोपर्यंत घेतलेल्यांपैकी सर्वांत लांब जॉब काढून शेवटी टाका. इथे दुसरा जॉब निघतो. मग पहिला ३, तिसरा ६ आणि चौथा ८ व्या तासाला, तिन्ही वेळेत. दुसरा १४ व्या तासाला, सहा तास उशिरा. तीन पार्ट्यांना थोडा उशीर की एकीला मोठा, हा निर्णय गणित करत नाही. मी ती यादी मालकासमोर ठेवतो आणि ज्या पार्टीला उशीर होणार तिला शुक्रवारीच फोन करतो. सहा तास उशीर आधी कळला तर पार्टी ऐकून घेते. टेम्पो निघायच्या वेळी दोन तासांचा उशीर कळला तर ऐकून घेत नाही.

एक विचित्र लक्षण काहींना दिसलं असेल: सगळी कामं ठरल्यापेक्षा लवकर झाली, तरी शेवटचं डिस्पॅच उशिरा गेलं. हिशेबातली चूक शोधत बसू नका, असं खरंच होतं. बेल लॅब्जमधले रोनाल्ड ग्रॅहम यांनी १९६६ मध्ये तीन मशीनं आणि नऊ कामांचं उदाहरण दिलं, त्यात काही कामं दुसऱ्या कामानंतरच सुरू होऊ शकतात. सगळं १२ तासांत संपतं. प्रत्येक कामाचा वेळ एक-एक तासाने कमी केला तर सगळं संपायला १३ तास लागतात. कारण कामं लवकर मोकळी झाल्याने छोटी कामं आधी तिन्ही मशीनं अडवतात आणि सर्वांत लांब काम मागे पडतं. इलाज सोपा आहे: हीट ट्रीटमेंटला बाहेर जाऊन परत ग्राइंडिंगला येणारा लांब प्रवासाचा जॉब, हाताशी आला की त्याच्यासाठी मशीन मोकळं करायचं. "जे समोर आलं ते चढवलं" ही सवय तिथे नडते.

पार्टीला तारीख देताना

कागदावर प्रत्येक लॉटचे दोन आकडे ठेवा: सरासरी, आणि दहापैकी आठ वेळा ज्यात काम झालं तो आकडा. वरच्या पार्टला हे दोन्ही सातच येतात, पण नेहमी तसं येत नाही. लोडिंग सरासरीने, तारीख दुसऱ्या आकड्याने.

सेट पाठवायचा असेल तर मात्र सावध. हाउसिंग, कव्हर आणि शाफ्ट तिन्ही एकत्र जायचे आहेत, आणि प्रत्येकाची वेळेत होण्याची शक्यता ८० टक्के आहे. सेट वेळेत जाण्याची शक्यता ०.८ चा घन, म्हणजे ५१ टक्के. नाणं उडवल्यासारखंच. "तिन्ही पार्ट वेळेवर चाललेत" असं प्रत्येक सुपरवायझर खरं सांगतो आणि तरी सेट अडतो, त्याचं कारण हे. तीन स्वतंत्र पार्टांचा सेट ८० टक्के वेळा जायला हवा असेल तर प्रत्येक पार्ट सुमारे ९३ टक्के वेळा होईल अशी तारीख धरावी लागते.

हे सगळं एक्सेलमध्ये पडताळता येतं, महागडं सॉफ्टवेअर लागत नाही. प्रत्येक पार्टच्या मागच्या दहा वेळा एका रकान्यात लिहा. इंडेक्स आणि रँडबिटवीन या दोन फंक्शननी त्यातली कुठलीही एक वेळ उचला. आठवड्यातल्या प्रत्येक लॉटसाठी अशी वेळ उचलून बेरीज करा, ही ओळ पाचशे वेळा खाली ओढा. पाचशेपैकी चारशे वेळा ज्या तासाच्या आत सगळं संपतं तो तुमच्या आठवड्याचा खरा आकडा. चाळीस-पन्नास मिनिटांचं काम आहे. पहिल्यांदा हे केलं तेव्हा आमच्या "भरलेल्या" आठवड्याची वेळेत संपण्याची शक्यता इतकी कमी दिसली की तो कागद मी मीटिंगमध्ये मध्यभागी ठेवला आणि त्या दिवशी कुणी सेटरला बोललं नाही.

सुधारलं की नाही, कसं ओळखायचं

दोन गोष्टी बघतो. फ्रीझ केलेल्या पाळ्यांत किती वेळा क्रम बदलला, आणि दहापैकी आठवाल्या तारखेत प्रत्यक्षात किती लॉट बसले. दहापैकी आठ बसले तर आकडे बरोबर. दहाच्या दहा बसू लागले तर कुणीतरी आकडे फुगवलेत. पाच-सहाच बसले तर जुन्या वेळा आता लागू नाहीत: नवीन ऑपरेटर, बदललेलं टूल किंवा दुसरी फाउंड्री शोधा.

आकडे फुगवण्याचं मूळ बहुतेक वेळा एकच असतं. ऑपरेटरने १४.५ तास लिहिले आणि त्याला बोलावून झापलं, तर पुढच्या वेळी शीटवर ९ दिसतात आणि उरलेले साडेपाच तास पुढच्या जॉबच्या सेटिंगमध्ये मिसळलेले असतात. त्या दिवसापासून तुमच्याकडे नुसता कागद उरतो. वेळेच्या नोंदीवरून पगार, इन्सेंटिव्ह किंवा ओरडा, काहीही ठरवू नका, निदान शेड्यूल जागेवर येईपर्यंत तरी. मी ऑपरेटरना तसा शब्द दिला आहे आणि तो मोडायची वेळ आली तेव्हा मालकाशी वाद घातला आहे.

पार्ट नवीन असेल, मागच्या वेळाच नसतील तर? सेटर, प्रोग्रॅमर आणि क्यूसी यांना एकत्र बसवून तीन आकडे विचारा: सगळं सुरळीत गेलं तर, सहसा, आणि सगळं बिघडलं तर. समजा ८, १० आणि २४ तास आले. अमेरिकन नौदलाच्या पोलॅरिस क्षेपणास्त्रासाठी १९५८ च्या सुमारास पर्ट ही कामाच्या वेळेचा अंदाज बांधायची पद्धत बसवली तेव्हाचं सूत्र असं: मधल्याला चारने गुणा, तिन्हींची बेरीज करा, सहाने भागा. ८ अधिक ४० अधिक २४, भागिले ६, म्हणजे १२ तास. दहा लिहायचा मोह होतो, बारा लिहा. हा जॉब पहिल्या पाळीत चढवा, जेव्हा तिघंही हजर असतात, आणि अशा मशीनवर चढवा जिथे त्याच्यामागे दोन दिवसांत तारीख असलेलं काही उभं नाही. तीन लॉट झाले की तो अंदाज पुसून टाका आणि शीटवरच्या खऱ्या वेळा लिहायला घ्या.